सहा जानेवारीपर्यंतचा नाताळ



नागपूरहून राजनांदगावकडे निघालेल्या एका मराठी कवीला १८९३ साली आगगाडीच्या डब्यात एका युरोपीय सहप्रवाशाने नव्या कराराची प्रत दिली. तो कवी म्हणजे नारायण वामन टिळक. वाचता वाचता मत्तयाच्या शुभवर्तमानातील डोंगरावरच्या प्रवचनाने त्यांना धरून ठेवले आणि १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. ही हकिकत मराठी वाचकाला नवी नाही. ज्यांच्या स्मरणार्थ आजचे व्याख्यान होत आहे त्या टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ चा, म्हणजे नाताळपूर्वीच्या ऐन आगमनकाळातला.

डोंगरावरचे प्रवचन मत्तयाच्या पाचव्या अध्यायात सुरू होते. त्याआधी, पुस्तक उघडताच, वाचकासमोर नावांची एक लांबलचक यादी येते आणि तिच्या मागोमाग एक अख्खा अध्याय येतो तो राजवाड्यातील भीतीचा, रात्रीच्या पलायनाचा आणि रक्तपाताचा. डिसेंबरमध्ये ख्रिस्ती मंडळ्यांमधून या पहिल्या दोन अध्यायांतले निवडक भाग वाचले जातात, लूकच्या पहिल्या दोन अध्यायांतलेही वाचले जातात आणि यशया संदेष्ट्याचे पुस्तक तर महिनाभर मिटतच नाही. वाचने भरपूर होतात. ती कुठे चालली आहेत, हे मात्र फारसे कुणी पाहत नाही, कारण बहुतेक घरांत आणि बऱ्याच मंडळ्यांत सण २५ डिसेंबरला उरकतो.

आजच्या व्याख्यानाचे म्हणणे एवढेच आहे की आगमनकाळ, नाताळ आणि ६ जानेवारीचा प्रकटीकरणाचा सण यांची वाचने सलग वाचली तर त्यांना एक ठाम दिशा आहे. ती घरातून अंगणात, अंगणातून वेशीबाहेर, आपल्यांकडून परक्यांकडे जाते. तिचा मुक्काम ६ जानेवारीला आहे. २५ डिसेंबरला थांबलेला नाताळ अर्ध्या वाटेत थांबलेला असतो.

आगमनकाळापासूनच सुरुवात करू. पाश्चात्त्य परंपरेतील मंडळ्यांचे उपासनावर्ष जानेवारीत सुरू होत नाही. ते ३० नोव्हेंबरच्या जवळच्या रविवारी, म्हणजे २७ नोव्हेंबर ते ३ डिसेंबर यांच्या दरम्यान सुरू होते. नाताळपूर्वीचे चार रविवार हा आगमनकाळ. महाराष्ट्राशी या दिवसाचे एक खास नाते आहे. सहा वेगवेगळ्या प्रोटेस्टंट परंपरा एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झाली ती नागपुरात, २९ नोव्हेंबर १९७० रोजी. आणि तो आगमनकाळाचा पहिला रविवार होता. आपापली कुंपणे काढून टाकायला त्या मंडळ्यांना वर्षातला याहून योग्य दिवस मिळाला नसता.

या पहिल्या रविवारी काय वाचले जाते? बाळ नाही, गव्हाणी नाही, तारा नाही. त्या दिवशीचे शुभवर्तमान युगाच्या अखेरीविषयी बोलते. मत्तय २४, मार्क १३ किंवा लूक २१ यांपैकी एका अध्यायातला उतारा वाचला जातो आणि त्याचा सारांश असा, की जागे राहा, वेळ सांगून येत नाही. ज्या वर्षी मत्तय वाचला जातो त्या वर्षी सोबत यशयाचा दुसरा अध्याय असतो. त्यात सगळी राष्ट्रे एका डोंगराकडे वाहत येतात आणि तलवारी ठोकून त्यांचे नांगराचे फाळ केले जातात. दुसऱ्या आणि तिसऱ्या रविवारी योहान बाप्तिस्मा करणारा येतो. तो उंटाच्या केसांचे वस्त्र नेसलेला, टोळ आणि रानमध खाऊन राहणारा रानातला माणूस आहे. लूकच्या तिसऱ्या अध्यायात लोक त्याला विचारतात, आम्ही करावे तरी काय? तो त्यांना उपासतापास सांगत नाही. दोन अंगरखे असतील तर एक द्या, असे सांगतो. जकातदारांना ठरल्याहून जास्त वसुली करू नका म्हणतो आणि शिपायांना दमदाटी करून पैसे उकळू नका, पगारात भागवा म्हणतो. चौथ्या रविवारी, अगदी शेवटी, मरीया आणि योसेफ दिसू लागतात.

हा क्रम मुद्दाम लावलेला आहे. रोमन कॅथलिक चर्चने १९६९ च्या आगमनकाळापासून तीन वर्षांचा वाचनक्रम सुरू केला. पहिल्या वर्षी मत्तय, दुसऱ्या वर्षी मार्क, तिसऱ्या वर्षी लूक. त्याच धर्तीवर १९९२ मध्ये तयार झालेला वाचनक्रम जगातील अनेक प्रोटेस्टंट मंडळ्यांनी स्वीकारला. दोन्हींचा आग्रह सारखा आहे. आधी जगाचा न्याय, मग स्वतःच्या व्यवहाराची झाडाझडती आणि त्यानंतर बाळाचा जन्म. डिसेंबर उजाडताच कंदील आणि करंज्यांत शिरणाऱ्या घराला हा क्रम अडचणीचा वाटतो. तो तसा वाटावा म्हणूनच लावला आहे.

आता मत्तयाच्या पहिल्या पानावरच्या त्या यादीकडे वळू. अब्राहामापासून येशूपर्यंतची ही वंशावळ वाचायला कंटाळवाणी वाटते आणि बहुतेक वाचक ती ओलांडून पुढे जातात. ती जुन्या रीतीने बापाकडून मुलाकडे चालते. त्यामुळे तिच्यात बायकांची नावे येण्याचे काही कारण नव्हते. तरीही मरीयेच्या आधी चार बायका येतात, आणि सारा, रिबका, राहेल या मानाच्या आयांपैकी एकही त्यांत नाही. त्या चौघी म्हणजे तामार, राहाब, रूथ आणि उरीयाची बायको. तामारेला सासऱ्याकडून हक्क मिळवण्यासाठी वेश्येचे सोंग घ्यावे लागले. राहाब ही यरीहो शहरातली कनानी वेश्या. चौथीचे, म्हणजे बथशेबेचे, नावसुद्धा मत्तय घेत नाही. ती ज्याची होती आणि ज्याला दावीद राजाने रणात मारवले, त्या हित्ती शिपायाचे नाव घेतो. राजाचा गुन्हा राजाच्या वंशावळीत कायमचा नोंदवला गेला आहे.

राहिली रूथ. तिची गोष्ट बेथलेहेमातल्या दुष्काळाने सुरू होते. नामीचे कुटुंब पोट भरायला मवाब देशात जाते. तिथे नवरा मरतो, दोन्ही मुलगे मरतात आणि उरतात त्या तीन विधवा. नामी गावी परत निघते तेव्हा मवाबी सून रूथ तिची पाठ सोडत नाही. दोघी बेथलेहेमात पोहोचतात तेव्हा सातूची कापणी नुकती सुरू झालेली असते. घरात दाणा नाही. मग रूथ लोकांच्या शेतात कापणाऱ्यांच्या मागे मागे सरवा वेचायला जाते. इस्राएलच्या नियमशास्त्रात शेताचे कोपरे कापू नयेत, पडलेली कणसे मालकाने उचलू नयेत, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी ठेवावीत असा दंडकच होता. बवाज नावाचा शेतमालक आपल्या गड्यांना आणखी एक गोष्ट सांगतो. पेंढ्यांतली काही कणसे तिच्यासाठी मुद्दाम गळू द्या आणि तिला कुणी बोलू नका. घेणारीचा मान राखून कसे द्यावे, हे या एका सूचनेत आहे.

त्याच नियमशास्त्रात, अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात, मवाबी माणसाला दहाव्या पिढीपर्यंत परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही असेही लिहिलेले आहे. आणि ही मवाबी रूथ दावीद राजाची पणजी होते. एका शास्त्रातल्या दोन नियमांपैकी परक्याला दाणा देणारा नियम जिंकला आणि परक्याला दार बंद करणारा हरला, असा या वंशावळीचा निकाल आहे. मत्तयाने तो पुस्तकाच्या पहिल्याच पानावर लावला.

मराठीत ही गोष्ट कुणासाठी लिहिली गेली, हे आठवले की तिचे वजन वाढते. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून केलेले बायबलचे मराठी भाषांतर त्यांच्या निधनानंतर, १९२४ मध्ये, केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यातून बाहेर पडले. शिक्षण न मिळालेल्या बायकांना कळेल अशी साधी भाषा त्यांना हवी होती. छापखान्यात काम करणाऱ्याही मुक्तीतल्याच बायका होत्या. १८९६–९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून वाचवलेल्या मुली आणि विधवा त्या आश्रमात मोठ्या संख्येने होत्या. दुष्काळ, विधवापण, परका मुलूख आणि दुसऱ्याच्या शेतातला सरवा. रूथच्या पुस्तकातले हे सगळे त्या बायकांनी स्वतः सोसलेले होते. रमाबाईंचे भाषांतर त्यांना शेकडो वर्षांपूर्वीची नव्हे, आपलीच हकिकत वाचायला देत होते.

मत्तयाच्या जन्मकथेत मध्यभागी योसेफ आहे. चारही शुभवर्तमानांत त्याच्या तोंडी एकही वाक्य नाही. वाग्दत्त वधू लग्नाआधी गरोदर असल्याचे कळल्यावर तिची गावभर शोभा न करता गुपचूप सोडून द्यावे, असे तो मनात आणतो. मत्तय त्याला नीतिमान म्हणतो ते इथे. कायद्याने तिला फरफटवता येत असताना तिची अब्रू सांभाळणारा माणूस मत्तयाच्या हिशेबी नीतिमान ठरतो. मग स्वप्नात देवदूत येतो आणि योसेफ उठून सांगितले तसे करतो. पुढे तीनदा असेच घडते. स्वप्न पडते, तो उठतो आणि निघतो. घर चालवणाऱ्या माणसाचा विश्वास मत्तयाने असा कामांतून दाखवला आहे.

लूकच्या कथेत मरीया बोलते, आणि चांगली ठणठणीत बोलते. डोंगराळ मुलखातल्या नात्यातल्या वयस्कर अलीशिबेला भेटल्यावर तिने गायलेले गीत अनेक मंडळ्यांच्या सायंप्रार्थनेत रोज म्हटले जाते. त्यात गर्विष्ठांची पांगापांग आहे, आसनांवरून उतरवलेले सत्ताधारी आहेत, जेवून तृप्त झालेले भुकेले आणि रिकाम्या हाती परतलेले श्रीमंत आहेत. शमुवेलाची आई हन्ना हिच्या स्तुतिगीताची ठेवण त्याला आहे. म्हणजे नासरेथसारख्या आडगावच्या मुलीच्या ओठांवर तिच्या लोकांची शास्त्रे होती. हे गीत अंगाईसारखे मृदू चालीत म्हणण्याची सवय अनेक ठिकाणी लागली आहे. त्यातल्या ओळींचा अर्थ लक्षात घेतला तर ते मान ताठ ठेवून म्हणण्याचे गीत आहे.

लूकला तारखा आणि अधिकाऱ्यांची नावे सांगायची सवय आहे. येशूचा जन्म तो औगुस्त कैसराच्या हुकमाने झालेल्या नावनिशीच्या वेळी, क्विरीनिय सूरियाचा सुभेदार असताना झाला असे सांगतो. इथे अभ्यासकांपुढे एक खरी अडचण आहे आणि ती झाकून ठेवण्याचे कारण नाही. क्विरीनियाची नावनिशी यहूदी इतिहासकार जोसेफस इ.स. ६ मध्ये घालतो, तर हेरोद राजा इ.स. पूर्व ४ मध्ये मरण पावला, असे बहुतेक इतिहासकार धरतात. मत्तय आणि लूक दोघेही जन्म हेरोदाच्या काळातला मानतात. हा जवळपास दहा वर्षांचा फरक मिटवण्याचे अनेक प्रयत्न झाले. सर्वांना पटेल असे उत्तर निघालेले नाही. लूकला काय दाखवायचे आहे ते मात्र स्वच्छ आहे. नावनिशी होती ती करासाठी. गरोदर बाई आणि तिचा माणूस रस्त्यावर आले ते सरकारी दप्तरामुळे. इ.स. ६ च्या त्या नावनिशीविरुद्ध गालीलकर यहूदाने बंड केले होते. ते लूकला माहीत होते. प्रेषितांच्या कृत्यांत तो त्याचा उल्लेख करतो. अशा जखमेवरच्या प्रसंगात त्याने तारणाऱ्याचा जन्म ठेवला.

साम्राज्याचा हुकूम राजधानीतून सुटतो. देवदूताचा निरोप मात्र रात्रपाळीवरच्या मेंढपाळांना मिळतो. मराठी वाचकाला हे मेंढपाळ परके वाटू नयेत. पावसाळा सरला की पठारावरचे धनगर कळप घेऊन उतरू लागतात, वाटेत शेतकरी आपल्या रानात मेंढरं बसवून घेतात, जमिनीला लेंडीखत मिळते आणि धनगराच्या पदरात थोडे धान्य पडते. कुटुंब उघड्यावर, जाळीच्या वाघुरीशेजारी, कुत्र्यांच्या भरवशावर रात्र काढते. लूकचे मेंढपाळ याच वर्गातले आहेत. गाव झोपलेले असताना जागणे हे त्यांचे कामच असते. आगमनकाळाच्या पहिल्या रविवारी जागे राहण्याची जी आज्ञा सगळ्यांना दिली जाते, ती लूकच्या गोष्टीत सर्वांत आधी पाळणारे हे लोक आहेत. त्यांना खूण मिळते तीही त्यांच्या ओळखीची. राजवाडा नाही, मशाल नाही. गव्हाणीत ठेवलेले, बाळंत्यात गुंडाळलेले मूल. गव्हाणी कशी असते हे मेंढपाळांना समजावून सांगावे लागत नाही.

लूकमधला आणखी एक बारीक तपशील पाहण्यासारखा आहे. चाळीस दिवसांनी मरीया आणि योसेफ बाळाला यरुशलेमच्या मंदिरात नेतात. बाळंतिणीच्या शुद्धीसाठी कोकरू अर्पण करायचे आणि कोकराची ऐपत नसेल तर पारव्यांची जोडी किंवा कबुतराची दोन पिले द्यायची, असे लेवीय पुस्तकाच्या बाराव्या अध्यायात सांगितले आहे. लूक कोकराचा उल्लेख करत नाही, पक्ष्यांचा करतो. हे कुटुंब गरीब होते असे वाक्य त्याने कुठेच लिहिलेले नाही. अर्पणाची पावती तेवढी त्याने जपून ठेवली. आणि ही गरीब जोडी मंदिरात येते तेव्हा तिला ओळखणारे दोघेही म्हातारे आहेत. शिमोन बाळाला हातांत घेऊन सांगतो, की हा इस्राएलाप्रमाणेच परराष्ट्रीयांचाही उजेड आहे. हन्ना ही विधवा भेटेल त्याला त्याच्याविषयी सांगत सुटते. लूकच्या कथेतही दार बाहेरच उघडते.

इथे थोडा इतिहास सांगणे भाग आहे. २५ डिसेंबरच्या सणाची सर्वांत जुनी खात्रीची नोंद रोममधली, चौथ्या शतकाच्या पूर्वार्धातली, ती इ.स. ३५४ च्या पंचांगात सापडते. पूर्वेकडे त्याआधीपासून ६ जानेवारीचा सण पाळला जात होता आणि त्यात येशूचा जन्म, बाप्तिस्मा आणि प्रकट होणे एकत्र गुंफलेले होते. इ.स. ३८६ मध्ये अंत्युखियातल्या प्रवचनात योहान क्रिसोस्तमने २५ डिसेंबरचा सण आपल्याकडे येऊन अजून दहा वर्षेही झाली नाहीत असे म्हटले होते. आर्मेनियन चर्च आजही जन्म आणि बाप्तिस्मा दोन्ही ६ जानेवारीलाच साजरे करते. तेव्हा ६ जानेवारी हे नाताळचे शेपूट समजणे इतिहासालाही धरून नाही.

आणि आता मत्तयाचा दुसरा अध्याय.

पूर्वेकडून मागी, म्हणजे ताऱ्यांचे जाणकार, येतात. किती आले, मत्तय सांगत नाही. तीन भेटवस्तूंवरून तीन माणसे झाली. ते राजे होते असेही तो म्हणत नाही. यशयाच्या साठाव्या अध्यायात उजेडाकडे येणारे राजे आणि उंटांचे तांडे आहेत, बहात्तराव्या स्तोत्रात नजराणे आणणारे राजे आहेत. त्या वाचनांतून मागींना मुकुट आणि उंट मिळाले. रावेन्ना इथल्या सहाव्या शतकातल्या भिंतीवरच्या जडावकामात ते इराणी टोप्या घालून धावतपळत निघालेले दिसतात. गोठ्यातले बैल आणि गाढवसुद्धा जन्मकथेत नाहीत. ते यशयाच्या पहिल्या अध्यायातून आले. संत फ्रान्सिसने १२२३ साली इटलीतल्या ग्रेच्चो गावात नाताळच्या रात्री गव्हाणी, बैल आणि गाढव यांचा जिवंत देखावा मांडला, तेव्हा तो हीच वाचने डोळ्यांसमोर उभी करत होता. ही भर वाईट मुळीच नाही. एका वाचनाने दुसऱ्या वाचनाला हाक मारली आणि लोकांनी ती ऐकली, एवढाच तिचा अर्थ.

मागी यरुशलेमेत येऊन विचारतात, यहूद्यांचा राजा जन्मला आहे तो कुठे? हा प्रश्न किती स्फोटक होता हे कळण्यासाठी हेरोद माहीत हवा. रोमच्या सिनेटने इ.स. पूर्व ४० मध्ये त्याला यहूद्यांचा राजा ही पदवी दिली होती. मंदिराचे भव्य पुनर्बांधकाम त्याचे. आणि राणी मरियम्ने, तिचे अलेक्सांद्र आणि अरिस्तोबुल हे मुलगे, शेवटी थोरला अंतिपात्र, या सर्वांना संशयाने ठार मारवणाराही तोच. त्याच्या राजधानीत येऊन परदेशी पाहुणे त्याचीच पदवी दुसऱ्या कुणाला तरी देत होते. मत्तयाच्या संपूर्ण शुभवर्तमानात येशूला यहूद्यांचा राजा म्हणणारे फक्त परराष्ट्रीय आहेत. आरंभी मागी आणि अखेरीस पिलात, त्याचे शिपाई आणि वधस्तंभावरची पाटी. जन्मकथेतला हा प्रश्न थेट वधस्तंभापर्यंत पोहोचतो.

हेरोद शास्त्र्यांना बोलावतो. ते मीखा संदेष्ट्याचे वचन काढून बिनचूक उत्तर देतात, की मसीहा बेथलेहेमात जन्मणार. आणि मग? मग काही नाही. यरुशलेमपासून बेथलेहेम नऊएक किलोमीटर, अर्ध्या दिवसाच्याही आतली चाल. परमुलखातून तारा बघत आलेले मागी ती चालून जातात. ज्यांना वचन तोंडपाठ होते त्यांच्यापैकी एकही उठल्याचे मत्तय सांगत नाही. मंडळीत वर्षानुवर्षे बसणाऱ्या, बायबल पाठ असलेल्या माणसाने या ओळींशी थोडे थांबावे. अध्यायात हेरोदाइतकीच त्या शास्त्र्यांचीही झडती आहे.

मागी बाळाला सोने, ऊद आणि गंधरस देतात. ऊद आणि गंधरस हे झाडांचे डिंक. दक्षिण अरबस्तान आणि आफ्रिकेच्या पूर्व टोकाकडच्या मुलखातून येणारा महाग माल. यशयाच्या साठाव्या अध्यायात सोने आणि ऊद आहेत, गंधरस नाही. गंधरस पुढे वधस्तंभापाशी द्राक्षारसात मिसळलेला आणि पुरताना निकदेमाने आणलेला असा पुन्हा भेटतो. पाळण्यापाशीच मरणाची आठवण ठेवली गेली, असे प्राचीन काळापासून अनेक भाष्यकारांनी मानले आहे.

मग मागी दुसऱ्या वाटेने परत जातात आणि बहुतेक मंडळ्यांतले ६ जानेवारीचे वाचनही तिथे, बाराव्या वचनाशी, संपते. अध्याय मात्र तेवीस वचनांचा आहे. उरलेल्या अकरा वचनांत योसेफ रात्रीच बायको-मुलाला घेऊन मिसर देशात पळतो. हेरोद बेथलेहेमातली दोन वर्षांपर्यंतची मुले मारवतो आणि मत्तयाला यिर्मयाच्या पुस्तकातली, मुलांसाठी रडणारी आणि समजूत न पटणारी राहेल आठवते. हेरोद मेल्यावर कुटुंब परतते, पण यहूदीयात त्याचा मुलगा अर्खेलाव बसलेला असतो, म्हणून ते नासरेथला जाऊन राहते. मारलेल्या बालकांचा स्मरणदिन उपासनापंचांगात २८ डिसेंबरला येतो, म्हणजे मागींच्या नऊ दिवस आधी. कथेत उलट आहे. मागींच्या प्रश्नामुळे हेरोद सावध होतो आणि त्याच्या भीतीचा भार बेथलेहेमच्या आयांवर पडतो. पंचांगाने कारण आणि परिणाम वेगळे केल्यामुळे ऐकणाऱ्याला कथा गोड वाटते.

जोसेफसच्या इतिहासात हेरोदाच्या घरातल्या हत्यांच्या हकिकती आहेत, बेथलेहेमच्या बालकांची नाही. एका लहान गावातली गरिबांची मुले मोठ्या इतिहासात न येणे यात आश्चर्य नाही. पण घटनेला दुसरा पुरावा नाही हेही खरे. मत्तयाने ती गोष्ट सांगितली, आणि जगाच्या तारणाऱ्याला त्याने निर्वासितांच्या रांगेत उभे केले, हे सर्वांसमोर आहे. बेथलेहेमातल्या ल्यूथरन चर्चने २०२३ च्या डिसेंबरमध्ये गोठ्याऐवजी काँक्रीटच्या ढिगाऱ्यात बाळ ठेवले. गाझातल्या युद्धामुळे त्या वर्षी शहरात रोषणाई झाली नाही. त्या मंडळीने नवीन काही शोधले नव्हते. तिने मत्तयाचा दुसरा अध्याय बाराव्या वचनाच्या पुढेही वाचला होता.

६ जानेवारीचे महत्त्व ओळखून तो सण जिवंत ठेवणारी गावे आपल्या शेजारी, गोव्यात आहेत. बार्देशमधले रेईश मागूशचे चर्च १५५५ सालचे आणि मागींच्या नावाचे. चांदरमध्येही तीन राजांचा सण होतो. कासावलीकडचा सोहळा तर मुद्दाम पाहावा असा आहे. कासावली, आरोशी आणि कुएली या तीन गावांतून एकेक मुलगा राजा म्हणून निवडला जातो. मखमली झगा, डोक्यावर मुकुट, खाली घोडा. तिघे तीन वेगवेगळ्या वाटांनी टेकडी चढतात आणि वर रेमेदियोस मातेच्या कपेलपाशी एकत्र येतात. मुलांच्या मागून गाव चालत असते. तिथे प्रकटीकरणाचा सण कुणाला समजावून सांगावा लागत नाही. वाटा वेगळ्या, निघण्याची गावे वेगळी आणि पोहोचण्याची जागा एक, हे लोक दरवर्षी पायांनी वाचतात.

त्याच गोव्यात, जुन्या साष्टीत, राचोलला, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. इंग्लंडहून आलेल्या या माणसाने येशूची कथा मराठी ओव्यांत, इथल्या पुराणाच्या ठेवणीत सांगितली. तीनशे वर्षांनी टिळकांनी ‘ख्रिस्तायन’ हाती घेतले आणि ९ मे १९१९ रोजी टिळक गेल्यावर अपुरे राहिलेले काव्य त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी पुरे केले. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांचे ‘सुबोध बायबल’ २०१० मध्ये आले आणि पुढे २०२० मध्ये धाराशिवच्या, तेव्हाच्या उस्मानाबादच्या, अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. परमुलखातल्या पाहुण्याने आणलेला नजराणा घरातल्या भांड्यात ठेवून घेण्याचे काम मराठीने अशा रीतीने चारशे वर्षे केले आहे. मागींची कथा मराठीला उपरी नाही.

म्हणून मंडळ्यांच्या पाळकांना, फादरना आणि घरोघरच्या वडीलधाऱ्यांना विनंती आहे. नाताळचा गोठा २६ डिसेंबरला आवरू नका, ६ जानेवारीपर्यंत राहू द्या. त्या दिवशी, किंवा सण रविवारी पाळत असाल तर त्या रविवारी, मत्तयाचा दुसरा अध्याय पहिल्या वचनापासून तेविसाव्यापर्यंत मोठ्याने वाचा. सावकाश वाचला तरी पाचेक मिनिटे लागतील. वाचायला घरातल्या किंवा मंडळीतल्या सर्वांत नव्या माणसाला सांगा. आणि ज्या शेजाऱ्याला आजवर सणाला बोलावले नाही, त्याला त्या संध्याकाळी जेवायला बोलवा.